पाळण्याजवळचा माइक

हेडफोनच्या गादीला वास असतो, हे मला लग्नानंतर कळलं. आधी नव्या रबराचा, मग कानामागच्या तेलाचा, मग घामाचा, आणि शेवटी ओल्या गोणपाटासारखा एक कुबट वास, जो कशानेही पुसून जात नाही. माझ्या नवऱ्याच्या हेडफोनच्या काळ्या गाद्या वर्षभरात सोलवटल्या होत्या. त्यांचे बारीक पापुद्रे उशीवर सापडायचे, टेबलावर, त्याच्या मानेवर, आणि एकदा गोटीच्या जिभेवर. मी बोट घालून तो काढला, तर हा म्हणतो, "अगं, खरं कातडं नाहीये ते. नकली आहे." जसं काही खरं असतं तर मी ओरडले असते आणि नकली आहे म्हणून पेढा वाटायचा.

गोटी म्हणजे आमची मुलगी. आठ महिन्यांची, गोल, गुळगुळीत, आणि पाठ वळली की घरंगळत दुसरीकडे, म्हणून गोटी. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक ज्याला स्वच्छ म्हणतात त्यात काय काय पोहतंय हे बघायचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझी किळस इतरांपेक्षा जरा जास्त शिकलेली आहे, आणि बाळंतपणानंतर तर ती डोळ्यांत तेल घालून बसली आहे.

माझी रजा संपत आली होती. महिनाअखेरीला कामावर हजर व्हायचं होतं आणि घरात एकच प्रश्न होता: गोटी कुणाकडे? नवरा एका कंपनीच्या ग्राहकांच्या संगणकाच्या तक्रारी घरूनच सोडवतो. सकाळी कामाचा रेटा, दुपारनंतर बराचसा मोकळा. सासूबाई पलीकडच्या गल्लीत थोरल्या दिरांकडे राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना पोर उचलवत नाही, पण आपलं मत उचलून धरायला गुडघे लागत नाहीत.

"बाप घरात असताना पाळणाघर?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? की बाप दारू पितो?"

"मी आहे ना," नवरा म्हणाला. हे तो फार चांगलं म्हणतो. कुणालाही धीर येईल असं.

"महिनाभर बघते," मी म्हणाले. "मग ठरवते."

"म्हणजे मी प्रोबेशनवर?"

"हो."

तो हसला. मी हसले नाही. चौकातल्या पाळणाघरातल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत एक जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

आता खोलीबद्दल. गोटीसाठी म्हणून जी लहान खोली ठेवली होती, तिचा स्टुडिओ झाला होता. कॉलेजात असताना नवरा गायचा. बरा गायचा, त्या आवाजावर मी भाळले होते हे नाकारत नाही. गोटीच्या जन्मानंतर त्याच्या मनाने घेतलं की आपली गाणी आपणच घरी रेकॉर्ड करायची, आपणच मिक्स करायची, आपणच मास्टर करायची आणि जगापुढे ठेवायची. त्याने ऑनलाइन कोर्स घेतला. कोर्समधल्या पहिल्याच धड्यात सांगितलं होतं की खोली नीट नसेल तर महागातलं महाग यंत्रही खोटं बोलतं. याने धडा अर्धा पाहिला आणि बेकरीच्या मागच्या दारातून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले. ढीगभर. भिंतींवर चिकटवले, वरपासून खालपर्यंत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्यांनी आवाज घुमत नाही.

दोन दिवसांनी मी गोटीला कडेवर घेऊन आत गेले आणि दारातच थांबले. गंधकासारखा, जुन्या उलटीसारखा वास. खळग्यांमध्ये फुटलेल्या अंड्यांचा बलक वाळून पिवळा चिकट पापड झाला होता, त्यात अडकलेली पिसं, आणि एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात आरामात चाललेली झुरळाची पिल्लं. गोटीने भिंतीकडे हात केला. तिला ती भिंत फार आवडली होती.

"काढ," मी म्हणाले.

"अगं, ऐकून तर बघ. टाळी वाजव. फरक पडलाय."

"टाळी मी तुझ्या कानाखाली वाजवेन. काढ."

त्या आठवड्यात त्याचा मित्र आला. सगळे त्याला डेसिबल म्हणतात. लग्नसमारंभांना साउंड लावता लावता त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ उभा केला आहे, आणि जुनं सामान विकतो. त्याने कचऱ्याच्या पिशवीतले ट्रे पाहिले आणि पोट धरून हसला.

"अरे शहाण्या, या ट्रेमुळे फक्त अंडी शांत राहतात." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही फेकलेत ना? तुमचे कान तयार आहेत."

"कान नाही, नाक," मी म्हणाले.

त्याच्या सांगण्यावरून मग लाकडी चौकटी आल्या, त्यांत दाबून भरलेली, आवाज गिळणारी खनिजलोकर, वरून जाड कापड, दाराच्या फटीला रबराची पट्टी. आणि खरं सांगायचं तर खोली बदलली. दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी पुसून टाकल्यासारखं व्हायचं. रस्त्यावरची वाहनं नाहीत, शेजारचा कुकर नाही. आपण आवंढा गिळला तरी ऐकू यायचा. नवरा मधोमध उभा राहून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "शांतता विकत घेतली आपण." मला त्या शांततेत गुदमरायला व्हायचं, कारण त्यात गोटी नव्हती. भिंतीपलीकडे ती रडत असली तरी त्या खोलीत ती नव्हतीच.

मी हे आवाजाचं काम शिकायला कशी बसले? त्याला कळेना म्हणून. तो एका गाण्यावर दिवसच्या दिवस काढायचा आणि मग मला बोलवायचा, "जरा ऐक, काहीतरी चुकतंय." चुकत होतं ते असं, की याला गाण्यात काही कमी वाटलं की तो ते वाढवायचा. ढोल कमी वाटले, वाढव. मग गिटार दबली, वाढव. मग आवाज दबला, वाढव. शेवटी सगळे एकाच वेळी ओरडतायत, भाजीमंडईसारखं. मी म्हणाले, "गिटारचा खालचा भाग काप ना, तिथे बेसला बसू दे." ते इक्वलायझरने करतात हे मला माहीत नव्हतं. बसायला जागा नसेल तर कुणालातरी उठवावं लागतं, एवढंच मला माहीत होतं. डेसिबल म्हणाला, "वहिनी, हेच तर मिक्सिंग. बाकी नुसती बटणं." मग मी त्याचे धडे पाहायला लागले, गोटी मांडीवर झोपलेली असताना, आवाज अगदी बारीक करून. आणि मला आवडलं. एकदा दुपारी मी कोरसमधला नको तो सगळा घुमारा काढून टाकला, आणि आतून त्याचा आवाज असा स्वच्छ वर आला, की क्षणभर मला कॉलेजचं ते सभागृह आठवलं. तो क्षण खरा होता. पुढे जे लिहिते आहे त्याने तो खोटा होत नाही.

पण मग कॉम्प्रेसर आला. कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारं साधन. गाणाऱ्याच्या ट्रॅकमध्ये लहान आवाज कुठले असतात? श्वास. थुंकी. जिभेची टाळूपासून सुटका. गिळणं. ते सगळं एखादं गटाराचं झाकण उघडावं तसं वर आलं. माइक ओठांपासून वीतभर अंतरावर, आणि मी हेडफोन घालून त्या तोंडाच्या आत बसलेली. प्रत्येक ओळीच्या आधी डाव्या दाढेकडे एक ओला 'टच्' वाजायचा. लांब श्वास घेताना उजव्या नाकपुडीत एक बारीक शिट्टी. ते एकेक शोधून कापायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला ते ऐकूच यायचे नाहीत. माणसाला स्वतःच्या तोंडाचा आवाज येत नाही. बायकोला येतो.

आणि ते आवाज हेडफोन काढल्यावर थांबेनात. जेवताना समोरून 'टच्'. चहाचा घोट, 'टच्'. उशीवर कानाशी ती शिट्टी. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागले. एकदा त्याने विचारलं, "माझ्यासमोर बसून का जेवत नाहीस?" मी म्हणाले, "गोटीचं बघते." गोटी तेव्हा झोपली होती.

माइकपुढे वाऱ्यासाठी जो फोमचा गोळा लावतात, तो मी एकदा धुवायला घेतला. दाबला, तर आतून पिवळसर पाणी आलं. मी प्रयोगशाळेत नाल्याचे नमुने हाताळते, हातमोजे घालून. तिथे मला कधी मळमळलं नाही.

जुने हेडफोन फाटल्यावर नवे घ्यायचं ठरलं. डेसिबलने समजावलं, दोन जाती असतात. एक बंद पाठीचे, कानावर घट्ट झाकण, आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. ते रेकॉर्डिंगच्या वेळी. दुसरे उघड्या पाठीचे, जाळीतून हवा खेळते, मिक्सिंगला हेच बरे, कान थकत नाहीत. अर्थात आजूबाजूचंही थोडं ऐकू येतं.

"मग उघडेच घेऊ," मी लगेच म्हणाले. "गोटी रडली तर कळेल."

"वहिनींचा पॉइंट बरोबर आहे," डेसिबल म्हणाला. "आणि मिक्सही चांगला होईल. एका दगडात—"

"बघतो, रिव्ह्यू वाचतो," नवरा म्हणाला.

त्याने रिव्ह्यू वाचले. रात्रंदिवस वाचले. एका हेडफोनची दुसऱ्याशी अशी तुलना करायचा की कुणी स्थळं बघत असेल असं वाटावं. आणि पार्सल आलं ते बंद पाठीचे. त्यांत वर बाहेरचा आवाज मारायची सोयही होती. त्याने ते डोक्यावर चढवले आणि आनंदाने ओरडून म्हणाला, "काही म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये!"

"तेच तर," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही.

मास्टरिंगच्या, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवायच्या धड्यात आणखी एक खूळ शिकला. गाणं चांगल्या स्पीकरवर चांगलं वाजणारच. ते जगातल्या घाणेरड्यातल्या घाणेरड्या स्पीकरवर टिकलं पाहिजे. यात चूक काहीच नाही, सगळे तसंच करतात, डेसिबलही करतो. पण याचं असं, की सांगितलेल्या गोष्टीचा हा देव करतो. शेजाऱ्यांच्या गाडीत जाऊन बसला. सासूबाईंचा जुना रेडिओ उघडला, तो परत बंद झाला नाही. स्टीलच्या पेल्यात मोबाइल घालून ऐकलं. "आई, ऐक ना, व्होकल कसा वाटतोय?" सासूबाई म्हणाल्या, "पेल्यातून आल्यासारखा." त्यांचा मुलगा कलावंत आहे याबद्दल त्यांना शंका नाही, फक्त त्याचं गाणं कधी संपतंय याची त्या वाट बघत असतात.

आणि मग तो दिवस.

गोटीच्या पाळण्यापाशी बेबी मॉनिटर होता, माझ्या भावाने दिलेला. दोन डबे. पाळण्याजवळच्या डब्यात माइक, माझ्याजवळच्यात स्पीकर. मी घरात जिथे जाईन तिथे माझा डबा माझ्याबरोबर. त्यातून मला बेडरूमचा पंखा ऐकू यायचा, प्रत्येक फेरीला एक 'टिक्', आणि त्या 'टिक्'च्या खाली गोटीचा श्वास. ती झोपेत ओठ चोखते. तो आवाज आला की माझे खांदे आपोआप खाली यायचे.

आदल्या दिवशी तिला लस दिली होती. अंग थोडं कोमट होतं, नाक चोंदलेलं. दुपारी दूध पाजलं, ढेकर काढली, झोपवलं, खोलीचं दार ओढून घेतलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला म्हणून डबा आतच ठेवून बाल्कनीत गेले.

"पाळणाघराचं खूळ गेलं का डोक्यातून?" त्या म्हणाल्या.

"आई, अजून ठरलं नाही."

"अगं, त्याला एवढी माया आहे पोरीची. माझ्या नवऱ्याने तर पोरांना कधी हात लावला नाही. तुला हा नशिबाने मिळालाय."

मी आत आले तर नवरा दिवाणखान्यात उभा होता, चेहरा उजळलेला. "तू जा, निवांत न्हा," तो म्हणाला. "केस धू. किती दिवस झाले. मी बघतो तिच्याकडे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून माझा डबा उचलला आणि न्हाणीघरात गेले. डबा कपाटावर, साबणाशेजारी ठेवला. वर वाफ ओढायचा पंखा घरघरत होता. बादली भरली, डोक्यावर पाणी घेतलं. मग केसांना शांपू लावायला नळ बंद केला, तर डब्यातून श्वास ऐकू आला. सावकाश, खोल. मग एक ओला, छोटा आवाज, ओठ चोखल्यासारखा. गाढ झोपली आहे, मला वाटलं. मी हसलेसुद्धा, फेसाने डोळे मिटलेली, एकटीच.

पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा नळ बंद केला. श्वास होता. पण आता मी तो नुसता ऐकत नव्हते. मांडीवर पोर घेऊन इतके दिवस जे शिकले होते ते आपोआप चालू झालं. वरचा आवाज बाजूला काढून खाली काय आहे ते ऐकणं. खाली काहीच नव्हतं. बेडरूमच्या पंख्याची 'टिक्' नव्हती. श्वासाखाली एक काळी, कापडात गुंडाळलेली शांतता होती. आणि मग श्वासाच्या शेवटी उजव्या नाकपुडीत ती शिट्टी वाजली. आणि मग, डाव्या दाढेकडून, 'टच्'.

मी माझ्या मुलीला ऐकत नव्हते. मी नवऱ्याचं तोंड ऐकत होते. आणि त्याला हसले होते.

कसं बाहेर आले आठवत नाही. टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर फेस. बेडरूमचं दार उघडलं तर रडण्याचाही आवाज नव्हता. रडून रडून उरतो तो घशातला खरखराट होता फक्त. गोटी पालथी झाली होती. दूध ओकली होती, आणि त्यातच तोंड. चादरीला चिकटलेला गाल, पापण्यांवर दह्याच्या गाठी, चोंदलेल्या नाकात आंबट दूध भरलेलं. ओठांच्या कडा जांभळट. मी तिला उलटं धरलं, पाठ थोपटली, बोटाने तोंड साफ केलं. नाक मोकळं होईना. मग मी तिच्या नाकावर माझं तोंड ठेवलं आणि ओढलं. आंबट, कोमट, बुळबुळीत ते माझ्या तोंडात आलं. फरशीवर थुंकले, पुन्हा ओढलं, पुन्हा थुंकले. तिने एक लांब श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की तसा सुंदर आवाज मी कुठल्याही स्पीकरवर ऐकलेला नाही. मला त्याची किळस आली नाही. कणभरही नाही. मला मुद्दाम सांगायचं आहे हे.

मी तिला तशीच घेऊन त्या खोलीकडे गेले. दार लाथेने उघडलं. तो पाठमोरा बसला होता, डोक्यावर बंद हेडफोन, डोळे मिटून मान हलवत, बिस्किट चघळत. आणि टेबलावर, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पाळण्याजवळचा डबा. हिरवा दिवा लागलेला.

त्याला माझी चाहूल लागली नाही. मी त्याच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला.

"अगं, काय झालं?" मग आम्हाला दोघींना बघून, "काय झालं?!"

"हा डबा इथे काय करतोय?"

त्याने डब्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला ते त्याच क्षणी आठवलं. "अरे देवा. मी फक्त एक मिनिट... तू फोनवर होतीस. हा डबा इथे स्पीकरसमोर ठेवला आणि तुझा डबा स्वयंपाकघरात नेऊन ऐकलं. इतका टुकार स्पीकर आहे ना तो, चेक करायला एकदम... परत ठेवायचा राहिला. मी ठेवणारच होतो."

"ती कधीपासून रडत होती?"

 दार बंद, भिंतीत लोकर, कानावर झाकण. तो काय सांगणार होता? त्याने गोटीला घ्यायला हात पुढे केले, आणि तिच्या मानेवरून ओघळणारं ते बघून त्याचं नाक आक्रसलं. अगदी थोडं. त्याच्या नकळत. पण मी बघत होते.

"आधी पुसून घे ना तिला," तो म्हणाला.

मी तिला त्याच्या हातात दिलं नाही. डॉक्टरांना फोन केला, घेऊन गेलो, त्यांनी छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. घरी आल्यावर मी त्याला ती चादर दाखवली. "धू. हाताने." तो न्हाणीघरात बसला आणि धुवायला लागला, मान बाजूला वळवून, तोंडाने श्वास घेत. मी दारात उभी राहिले. त्याला उबळ आली. मी उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, गुडघे चोळत. "पोरं ओकायचीच. याने काय कमी ओकलं? माझ्या पदराला वर्षभर वास होता."

"तुम्हाला ऐकू आलं होतं ना पण, आई?" मी विचारलं.

त्यांचा गुडघा चोळणारा हात थांबला. "मी त्याच्या शेजारी झोपायचे गं," त्या म्हणाल्या. नंतर चहा घेईपर्यंत मुलाशी फारसं बोलल्या नाहीत.

नवऱ्याला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. तो रडला. गोटीचे पाय हातात धरून रडला, नाक वाहेपर्यंत. मला ते वाहतं नाक दिसत होतं आणि दया येत नव्हती, याचं मलाच भय वाटलं. पण संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. चेहऱ्यावर तो जुना उजेड.

"हे बघ, मी शोधलंय. कॅमेरावाला मॉनिटर. रडण्याचा आवाज आला की मोबाइल थरथरतो. हेडफोन घातलेला असला तरी. पण याचे रिव्ह्यू मिक्स आहेत, त्यापेक्षा हा दुसरा—"

मी स्क्रीनकडे पाहिलं. दोन कोष्टकं शेजारी शेजारी, हिरव्या खुणा, लाल फुल्या. तेव्हा जी किळस आली तशी अंड्यांच्या ट्रेची आली नव्हती, फोमच्या गोळ्याचीही नाही. माझी मुलगी ओकारीत तोंड घालून पडली होती, आणि याला त्यातून एक खरेदी सुचली होती.

"बंद कर," मी म्हणाले.

"अगं, पण असं पुन्हा होऊ नये म्हणूनच तर."

"ती रडली की दार उघडायचं असतं. त्याला काय विकत घ्यायचंय?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग अगदी हळू म्हणाला, "आणि गाणं? मास्टर तेवढा एकदा ऐकशील? तुझ्याशिवाय कळत नाही मला."

"नाही."

"कधीतरी?"

मी उठून बेडरूममध्ये गोटीकडे गेले. कधीतरी ऐकेन की नाही मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

महिनाअखेरीला मी पाळणाघरात गेले. तोही आला. मी बोलावलं नव्हतं, नकोही म्हटलं नाही. गोटी त्याच्या कडेवर होती. खोलीत पोरांचा कल्लोळ, कुणी रडतंय, कुणी डबा बडवतंय, कोपऱ्यात ओल्या कपड्यांचा वास. बाई एकाचं ढुंगण पुसत आमच्याशी बोलत होत्या.

"बाबा काय करतात?"

"घरूनच काम करतो," मी म्हणाले.

"घरी असतात?" त्यांनी वर पाहिलं. खोच नव्हती त्यात, साधं नवल होतं. "मग इथे कशाला?"

नवरा सावरून उभा राहिला. "माझं स्टुडिओचं काम असतं ना. मिक्सिंग, मास्टरिंग. त्यात एकदा बसलं की..."

मी त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तो मध्येच थांबला. एक पोर येऊन त्याच्या पँटला शेंबूड पुसून गेलं आणि त्याने पाय मागे घेतला नाही.

"ती रडत होती," तो म्हणाला, "आणि मी कान बंद करून बसलो होतो. म्हणून."

बाईंनी लंगोट गुंडाळून बादलीत टाकला, हात धुतले. "बरं," त्या म्हणाल्या. "सकाळी कोण सोडणार?"

"मी," मी म्हणाले.

"आणि संध्याकाळी न्यायला?"

"मी येऊ शकतो," तो म्हणाला. "अगदी जवळ आहे. चालत पाच—"

"मीच येईन."

"दोन्ही वेळा तुम्हीच?" बाईंनी विचारलं. "कामावरून धावत यावं लागेल हो."

"येईन धावत."

तो गोटीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, काचेचं काही धरावं तसा. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण मुठीत पकडलं होतं आणि ते तोंडाकडे ओढत होती. मी हात पुढे केले. ती माझ्याकडे बघून हसली, पण बटण सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.